न केलेल्या गुन्ह्याची कबुली

खोटा कबुलीजबाब म्हणजे माणसाने न केलेला गुन्हा आपण केल्याचे सांगणे, आणि बहुतेक वेळा तो कसा केला याचा तपशीलही पुरवणे. मार पडला तर कोणीही काहीही कबूल करील, हे सगळ्यांना पटते. पण अंगाला हात न लावता, काही तासांच्या नुसत्या बोलण्याने, एखादा धडधाकट माणूस स्वतःच्या डोक्यावर खून घेईल, हे मात्र पटत नाही. न्यायाधीशांना पटत नाही, वकिलांना पटत नाही, कबुली देणाऱ्याच्या घरच्यांनाही अनेकदा पटत नाही. गेल्या चार दशकांतील संशोधनाने ही समजूत मोडीत काढली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकदा कबुली हाती आली की बाकीचा पुरावा तिच्याभोवती कसा गोळा होत जातो, हेही त्याने दाखवून दिले.

१६९२ साली अमेरिकेतील सेलम येथे चेटकाचे खटले चालले, तेव्हा चेटूक कबूल करणारे बहुधा वाचले आणि नाकारणारे फासावर गेले. हार्वर्डमधील मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी १९०८ च्या आपल्या पुस्तकात खोट्या कबुल्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्या काळच्या कायदेपंडितांनी त्या पुस्तकाची यथेच्छ थट्टा केली. पुढे १९३१ मध्ये विकरशॅम आयोगाने अमेरिकी पोलिसांच्या ‘थर्ड डिग्री’चे पितळ उघडे पाडले आणि १९३६ मध्ये, ब्राउन विरुद्ध मिसिसिपी या खटल्यात, चाबकाने फोडून काढून घेतलेल्या कबुल्यांवर दिलेली शिक्षा तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

मार मागे पडत गेला आणि त्याची जागा मानसिक दबावाने घेतली. फ्रेड इनबाऊ आणि जॉन रीड यांचे चौकशीतंत्रावरचे पुस्तक १९६२ मध्ये आले आणि ‘रीड तंत्र’ अमेरिकी पोलिसांच्या प्रशिक्षणात रूढ झाले. रीड यांचे नाव ज्या प्रकरणाने गाजले ते १९५५ चे नेब्रास्कामधील होते. पत्नीच्या खुनाबद्दल त्यांनी पतीकडून कबुली मिळवली, पतीने ती लगेच मागे घेतली, तरी शिक्षा झाली. कालांतराने दुसऱ्याच एका गुन्हेगाराने तो खून कबूल केल्याचे उजेडात आले आणि २०१२ मध्ये नेब्रास्का राज्याने त्या पतीची माफी मागितली. ज्या यशावर हे तंत्र मोठे झाले, तेच यश खोटे निघाले.

या विषयाला खरी कलाटणी दिली ती डीएनए चाचणीने. १९८९ पासून अमेरिकेत या चाचणीमुळे शेकडो लोक निर्दोष ठरले आणि त्यांच्यापैकी चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिक जणांनी पूर्वी गुन्हा कबूल केलेला होता. ‘खरे तर गुन्हा त्यानेच केला असणार’ असे म्हणायला तिथे जागाच उरली नाही.

तीन प्रकार

मानसशास्त्रज्ञ सॉल कॅसिन आणि लॉरेन्स राइट्समन यांनी १९८५ मध्ये केलेली विभागणी आजही वापरली जाते. पहिला प्रकार आपण होऊन दिलेल्या कबुलीचा. १९३२ मध्ये वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे अपहरण झाले, तेव्हा सुमारे २०० लोकांनी तो गुन्हा आपणच केल्याचे सांगितले. प्रसिद्धीची हाव, अपराधगंड, मानसिक आजार किंवा जवळच्या माणसाला वाचवण्याची धडपड अशी कारणे यामागे असतात. अशा कबुल्या सहसा लवकर उघड्या पडतात.

दुसरा प्रकार नाइलाजाने दिलेल्या कबुलीचा. आपण निर्दोष आहोत हे माणसाला पक्के ठाऊक असते, पण त्या खोलीतून सुटण्यासाठी तो मान डोलावतो. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या एका स्त्रीवर अमानुष हल्ला झाला. १४ ते १६ वर्षांच्या पाच मुलांना तासन्‌तास बसवून ठेवले गेले. त्यांपैकी चौघांनी कॅमेऱ्यासमोर कबुली दिली. आपल्यावरचा दोष दुसऱ्यावर ढकलला की घरी जाता येईल, अशी प्रत्येकाची समजूत झाली होती. सापडलेला डीएनए पाचांपैकी एकाशीही जुळत नव्हता, तरी पाचही जणांना शिक्षा झाली. २००२ मध्ये तुरुंगातील एका सराईत बलात्काऱ्याने गुन्हा कबूल केला, त्याचा डीएनए जुळला आणि शिक्षा रद्द झाल्या.

तिसरा प्रकार सर्वांत चक्रावून टाकणारा. यात माणसाला स्वतःलाच वाटू लागते की आपण गुन्हा केला असावा. १९७३ मध्ये कनेक्टिकटमध्ये आईचा मृतदेह पाहून पोलिसांना फोन करणाऱ्या १८ वर्षांच्या मुलाला सांगण्यात आले की तो पॉलिग्राफ चाचणीत नापास झाला आहे. रात्रभराच्या चौकशीत ‘मी केलं नाही’पासून ‘मला आठवत नाही’पर्यंत आणि तिथून ‘मीच केलं असेल’पर्यंत तो घसरत गेला. तो घटनास्थळी असूच शकत नव्हता हे दाखवणारा पुरावा सरकारी बाजूकडे होता, हे नंतर बाहेर आले. आधी आइसलँडमध्ये पोलिसात असलेले मानसशास्त्रज्ञ गिस्ली गुद्‌योनसन यांनी या अवस्थेचे ‘स्मरणावरचा अविश्वास’ असे वर्णन केले. त्यांच्याच देशात १९७४ मध्ये दोन पुरुष बेपत्ता झाले. मृतदेह कधीच सापडले नाहीत, पण सहा तरुणांनी कबुल्या दिल्या. त्यांतील एकाला सहाशेहून अधिक दिवस एकांतवासात ठेवले होते. काहींना पुढे आपल्या आठवणी आणि चौकशीत ऐकलेल्या गोष्टी वेगळ्या करता येईनात. आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच जणांना हत्येच्या आरोपातून मुक्त केले ते २०१८ मध्ये, म्हणजे ४४ वर्षांनी.

खोलीत काय घडते

रीड तंत्राची सुरुवात साध्या दिसणाऱ्या मुलाखतीने होते. संशयिताची नजर, चुळबुळ, उत्तराला लागलेला वेळ यांवरून तो खोटे बोलतो की नाही हे अधिकारी ठरवतो. पहिली चूक इथेच होते. चार्ल्स बाँड आणि बेला डेपॉलो यांनी २००६ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा खोटे ओळखण्यात माणसे सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरतात असे दिसले; नाणे उडवून ५० टक्के हाती लागतात. अनुभवी पोलीसही फारसे सरस ठरत नाहीत. त्यांचा आत्मविश्वास मात्र जास्त असतो.

एकदा ‘हाच तो’ असे ठरले की चौकशीचे रूप बदलते. लहान खोली, सोबत कोणी नाही, घड्याळ नाही. ‘आम्हाला सगळं कळलं आहे’ हे पुन्हा पुन्हा सांगायचे आणि नकार पूर्ण होण्याआधीच तोडायचा. मग सूर मऊ करायचा: ‘तुझ्या जागी मी असतो तर माझाही तोल गेला असता’, ‘चूक माणसाकडूनच होते’. शेवटी असा प्रश्न टाकायचा की ज्याचे कोणतेही उत्तर कबुलीच ठरावे: ‘ठरवून केलंस की रागाच्या भरात झालं?’ शिक्षेत सूट देण्याचे उघड वचन दिले तर कबुली न्यायालयात टिकत नाही. सहानुभूतीच्या सुरातून तेच वचन न उच्चारता पोचवता येते, आणि ऐकणारा ते तसेच ऐकतो. याच्या जोडीला खोट्या पुराव्याची हूल असते: ‘तुझ्या बोटांचे ठसे मिळालेत’, ‘तुझ्या मित्राने सगळं सांगितलं’. अमेरिकेत १९६९ च्या फ्रेझियर विरुद्ध कप निकालाने अशा थापांना वाट मोकळी करून दिली. अल्पवयीनांशी खोटे बोलण्यावर इलिनॉय आणि ओरेगन राज्यांनी बंदी घातली ती २०२१ मध्ये. जर्मनीत मात्र फसवणूक करून घेतलेला जबाब कायद्यानेच बाद ठरतो.

या हुलीचा परिणाम कॅसिन आणि कॅथरिन कीचेल यांनी १९९६ च्या प्रयोगात मोजला. विद्यार्थ्यांना संगणकावर टंकलेखन करायला लावले आणि एका विशिष्ट कळीला हात लावू नका असे बजावले. संगणक मुद्दाम बंद पाडून कळ दाबल्याचा आळ विद्यार्थ्यावर घेतला. कोणीही ती दाबलेली नव्हती. तरीही ६९ टक्के जणांनी कबुलीवर सही केली, २८ टक्क्यांना आपल्याकडून खरेच तसे झाले असे वाटले आणि ९ टक्क्यांनी ते कसे झाले याचा तपशीलही रचला. आपण कळ दाबताना पाहिल्याचे दुसऱ्या कोणी सांगितले की हे आकडे आणखी वर जात. इथे पणाला काहीच लागलेले नव्हते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मेलिसा रुसानो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये परीक्षेतील कॉपीचा प्रसंग उभा केला, ज्यात काही जण खरोखर दोषी होते. साध्या चौकशीत ४६ टक्के दोषींनी आणि ६ टक्के निर्दोषांनी कबुली दिली. सहानुभूतीचा सूर आणि सवलतीची लालूच दोन्ही वापरल्यावर दोषींचे प्रमाण ८७ टक्क्यांवर गेले, पण निर्दोषांचेही ४३ टक्क्यांवर पोचले. म्हणजे जे तंत्र दोषींकडून जास्त कबुल्या काढते तेच निर्दोषांकडूनही काढते, आणि कबुलीचे पुरावा म्हणून मोल घटते. अधिकाऱ्याला मात्र हे दिसत नाही. त्याच्यापुढे कबुल्यांची संख्या वाढलेली असते.

थकव्याचा वाटा वेगळा मोजला गेला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात रात्रभर जागवलेल्यांपैकी निम्म्यांनी पहिल्याच मागणीला खोट्या कबुलीवर सही केली. झोप झालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. थकलेला माणूस उद्याच्या खटल्यापेक्षा आत्ताच्या सुटकेला जास्त किंमत देतो. स्टीव्हन ड्रिझिन आणि रिचर्ड लिओ यांनी २००४ मध्ये खोट्या ठरलेल्या १२५ कबुल्या तपासल्या. चौकशीचा वेळ जिथे माहीत होता तिथे तो सरासरी १६ तासांच्या वर होता, आणि कबुली देणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश १८ वर्षांखालील होते. अल्पवय, बौद्धिक दुर्बलता, मनोविकार, नशा उतरतानाची अवस्था आणि मोठ्यांपुढे ‘हो’ म्हणायची सवय हे सगळे धोका वाढवतात. सूचनेला बळी पडण्याची ही प्रवृत्ती मोजण्यासाठी गुद्‌योनसन यांनी १९८४ मध्ये तयार केलेली मापनश्रेणी आज अनेक देशांच्या न्यायालयांत वापरली जाते.

निर्दोष असणे हाच एक धोका आहे, असेही संशोधन सांगते. ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण चौकशीच्या खोलीत उलटी पडते. कॅसिन आणि रेबेका नॉर्विक यांच्या २००४ च्या प्रयोगात गप्प राहण्याचा हक्क निर्दोषांपैकी ८१ टक्क्यांनी सोडून दिला. दोषींपैकी ३६ टक्क्यांनीच सोडला. निर्दोष माणूस वकील मागत नाही, कारण खरे आपोआप बाहेर येईल असा त्याचा भरवसा असतो. त्याच भरवशावर तो सहीही करतो.

तपशील कुठून येतो

‘गुन्हेगाराशिवाय कोणाला माहीत नसलेल्या गोष्टी त्याने सांगितल्या’, हा कबुलीच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद. ब्रँडन गॅरेट यांनी २०१० मध्ये डीएनएने निर्दोष ठरलेल्यांच्या कबुल्या वाचल्या. कागदपत्रे मिळालेल्या ३८ प्रकरणांपैकी ३६ मध्ये अशा गुप्त गोष्टी होत्या. निर्दोषाला त्या माहीत असणे शक्य नव्हते, म्हणजे त्या चौकशी करणाऱ्यांकडूनच आल्या: सूचक प्रश्नांतून, दाखवलेल्या छायाचित्रांतून, घटनास्थळाच्या फेरीतून. अधिकाऱ्याला आपण काही पुरवले याची जाणीवही नसते. आपल्याकडे जबाब लिहिणारा हात पोलिसाचाच असतो. ‘समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की’ अशी सुरुवात झाली की पुढची भाषा ठाण्याची होते, आणि मूळ प्रश्न कोणता होता हे कागदावर उरत नाही.

दूषित होणे इथे थांबत नाही. इटिएल ड्रोर आणि डेव्हिड चार्लटन यांनी २००६ मध्ये अनुभवी ठसेतज्ज्ञांना त्यांनी पूर्वी तपासलेलेच ठसे ‘संशयिताने कबुली दिली आहे’ अशा माहितीसह पुन्हा दिले, तेव्हा काहींचे निष्कर्ष बदलले. लिसा हॅसल आणि कॅसिन यांनी २००९ मध्ये प्रत्यक्ष साक्षीदारांबाबत हेच दाखवले: दुसऱ्याने गुन्हा कबूल केल्याचे कळताच अनेकांनी आधी केलेली ओळख फिरवली. कबुलीला दुजोरा देणारा पुरावा स्वतंत्र आहे असे न्यायालय धरून चालते, पण तो पुष्कळदा कबुलीतूनच जन्मलेला असतो. सर्व सुरक्षानियमांना पडलेले हे सर्वांत मोठे भगदाड म्हणावे लागेल. ड्रिझिन-लिओ यांच्या नमुन्यात जे निर्दोष खटल्याला सामोरे गेले, त्यांच्यापैकी पाचांतील चौघांना शिक्षा झाली.

जपानमधील इवाओ हाकामादा यांचे प्रकरण या सगळ्याचा नमुना आहे. मिसो कारखान्यात काम करणाऱ्या या माजी मुष्टियोद्ध्याला १९६६ मध्ये चौघांच्या हत्येबद्दल अटक झाली. सुमारे २० दिवस, रोज सरासरी १२ तास चौकशी झाली आणि ४५ कबुलीजबाब तयार झाले. १९६८ मध्ये न्यायालयाने त्यांपैकी ४४ नाकारले, एक ठेवला आणि फाशी सुनावली. कारखान्याच्या मिसोच्या टाकीत वर्षभरानंतर ‘सापडलेले’ रक्ताचे कपडे त्या एका कबुलीचा आधार झाले. हाकामादा २०१४ पर्यंत फाशीच्या कोठडीत राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना निर्दोष सोडताना न्यायालयाने म्हटले की कपड्यांचा पुरावा रचलेला होता आणि जबाब अमानुष चौकशीतून आला होता.

भारतीय कायदा आणि व्यवहार

पोलिसांपुढच्या कबुलीवर भारतीय कायद्याचा अविश्वास जगातील अनेक देशांपेक्षा कडक आहे. महसूल आणि पोलीस खात्यांतील छळाची चौकशी करणाऱ्या मद्रासच्या आयोगाचा अहवाल १८५५ मध्ये आला. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून बाद केली आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात तो नियम कलम २४ ते २६ मध्ये बसला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम २२ आणि २३ मध्ये कायम आहे.

पण जुन्या कायद्याच्या कलम २७ मध्ये अपवाद होता आणि तो आता कलम २३ च्या परंतुकात आला आहे. कोठडीतील आरोपीच्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. पुलुकुरी कोटय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये याची मर्यादा आखून दिली. वस्तू मिळाली म्हणजे माहिती खरी, हा तर्क बरोबर आहे, पण वस्तूची जागा पोलिसांना आधी माहीत नसेल तरच. ती माहीत होती की नव्हती, हे सांगणारा कागद म्हणजे निवेदन पंचनामा, आणि त्यावर सही करणारे पंच पुष्कळदा पोलिसांच्या ओळखीतलेच असतात.

दुसरी वाट दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या विशेष कायद्यांनी उघडली. टाडा, पोटा आणि महाराष्ट्राचा १९९९ चा मकोका यांनी पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य ठरवली. तिचे पुढे काय झाले हे तीन खटल्यांत दिसते. अक्षरधाम मंदिरावरील हल्ल्याच्या खटल्यात पोटाखालील कबुल्या नाकारून सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये सहाही आरोपींना सोडले. सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटात राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ जणांना पकडले, कबुल्याही नोंदवल्या. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेने वेगळ्याच गटावर आरोपपत्र ठेवले आणि २०१६ मध्ये ते नऊ जण आरोपमुक्त झाले. ११ जुलै २००६ च्या मुंबई उपनगरी रेल्वे स्फोटांत १८० हून अधिक माणसे मेली. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी धरले आणि पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. वेगवेगळ्या कबुल्यांतील सारखे मजकूर आणि छळाच्या तक्रारी यांमुळे त्या कबुल्यांवर विसंबता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. राज्य सरकारने या निकालाला आव्हान दिले असून, तो अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे.

सामान्य गुन्ह्यांतही पोलिसांपुढची कबुली खटल्यात येत नसली तरी तपासाची दिशा ठरवते. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्राममधील एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्याच दिवशी बसवाहक पकडला गेला आणि त्याने वृत्तवाहिन्यांच्या कॅमेऱ्यांपुढेही कबुली दिली. सीबीआयकडे तपास गेल्यावर त्याच्याविरुद्ध पुरावा आढळला नाही आणि २०१८ मध्ये तो आरोपमुक्त झाला. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने कबुली दिली’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत आजही विनासंकोच छापले जाते. असा खाक्या कायद्याला नामंजूर आहे, याची त्या बातमीत कोणालाच आठवण नसते.

दंडाधिकाऱ्यापुढची कबुली तुलनेने सुरक्षित मानली जाते. दंडाधिकाऱ्याने आधी सावध करायचे असते, आणि आरोपीने कबुली नाकारली तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. पण आधीच्या कोठडीचा दाब त्या दालनापर्यंत येतो. निठारीच्या बालहत्या प्रकरणातील कबुली सुमारे ६० दिवसांच्या पोलीस कोठडीनंतरची होती, आणि २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती स्वेच्छेची मानली नाही. मागे घेतलेल्या कबुलीला दुजोरा हवा, ही भारतीय न्यायालयांची जुनी खबरदारी. तो दुजोरा कुठून आला हे तपासले नाही, तर तिचा उपयोग होत नाही. कबुलीच्या शोधात मन वाचण्याच्या यंत्रांचा मोहही बळावला होता. सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग चाचण्या करणे घटनाबाह्य ठरवले.

उपाय

इंग्लंडमधील बदलाचे मूळ १९७२ च्या कॉन्फेट खून प्रकरणात आहे, ज्यात तीन मुलांच्या कबुल्या खोट्या निघाल्या. १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्याने ध्वनिमुद्रण, वकील आणि दुर्बल संशयितासोबत जबाबदार प्रौढ व्यक्ती आणली. १९९० च्या दशकात कबुली काढण्याऐवजी माहिती गोळा करणारी ‘पीस’ पद्धत आली: मोकळे प्रश्न, मध्येच न तोडलेले उत्तर, हातचे पुरावे उशिरा दाखवणे, खोटे न बोलणे. क्रिस्चियन मायस्नर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला, त्यातही या वळणाच्या चौकशीत खऱ्या कबुल्या टिकून खोट्या घटल्याचे दिसले. नॉर्वेने तशीच पद्धत स्वीकारली, आणि चौकशीसंबंधीच्या २०२१ मधील मेंडेझ तत्त्वांनी तिला आंतरराष्ट्रीय रूप दिले.

चित्रीकरण संपूर्ण चौकशीचे हवे; शेवटच्या कबुलीचेच केले तर ते घातक ठरते, हे सेंट्रल पार्कने दाखवले. कॅमेऱ्याची दिशाही महत्त्वाची आहे. डॅनियल लॅसिटर यांच्या प्रयोगांत एकट्या संशयितावर रोखलेले चित्रीकरण पाहणाऱ्यांना कबुली जास्त स्वेच्छेची वाटली. अधिकारी आणि संशयित दोघे सारखे दिसले की हा कल उतरला. भारतात डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. ती मारहाणीवरची नजर आहे. प्रश्नोत्तरांची नोंद हा तिचा हेतू नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेतलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पोलिसांनी घेतलेल्या जबाबाचे आणि दंडाधिकाऱ्यापुढच्या कबुलीचे दृक्‌श्राव्य मुद्रण करण्याची मुभा आहे, पण सक्ती नाही.